वाचकांचे प्रश्न : कॅमेऱ्याचे चित्रण महिनाभर कसे टिकवावे?

प्रश्न : घरातील चार कॅमेऱ्यांच्या अखंड चित्रणाने 1 टीबीची हार्ड डिस्क अकरा दिवसांतच भरते आणि जुने चित्रण आपोआप पुसले जाते. मोठी डिस्क घ्यावी का?

उत्तर : एवढ्यात नको. सेकंदाला 2 मेगाबिट या बिटरेटने (दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणाने) एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी जागा व्यापतो, त्यामुळे आपला अकरा दिवसांचा हिशेब बरोबर जुळतो. रेकॉर्डरमध्ये चित्रण दाबून साठवण्याच्या एच.264 या जुन्या पद्धतीऐवजी एच.265 ही नवी पद्धत निवडून बिटरेट निम्मा केल्यास, स्पष्टतेत फारसा फरक न पडता, तीच डिस्क तेवीस दिवस पुरेल. उरलेल्या आठवड्यासाठी, जेथे क्वचितच वर्दळ असते तेथील कॅमेरा केवळ हालचाल टिपल्यावरच चित्रण करील असे ठेवावे. मात्र त्याच्या चौकटीत झाडाची फांदी येत असेल तर तेवढा भाग वगळावा, नाहीतर वारा सुटला की रात्रभर पानांचेच चित्रण होत राहते.