देव अजून रागावलाय असं वाटतं तेव्हा

जय ख्रिस्त बाळा,

तुझा मेसेज वाचला, दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नाही म्हणून सवडीने लिहितेय. तू म्हणतेस रोज बायबल वाचते, संडेस्कूलला शिकवते, शुक्रवारचा उपास करते, यूथ मीटिंग चुकवत नाही, तरी रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं देवाचा माझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि त्या जुन्या गोष्टीची माफी तर तू इतक्यांदा मागितलीस की मोजदादच राहिली नाही.

मला जे दिसतं ते स्पष्टच सांगते हां. पापाचं कर्ज काढलंय आणि तू महिन्याच्या महिन्याला हप्ते भरतेयस असं चाललंय तुझं. एक उपास, एक क्लास, एक जास्तीची प्रार्थना, आणि मुद्दल जिथल्या तिथे. ते कमी होणारच नाही गं, कारण ते वधस्तंभावर एकदाच आणि पूर्ण फेडलं गेलंय, आणि तुझ्याकडून घेणारं तिथे कोणी बसलेलंच नाही.

तुला वाटेल काकूला बोलायला सोपंय. म्हणून पंडिता रमाबाईंचं सांगते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला, छोट्या मुलीसकट, मनोरमेसकट. संस्कृत कोळून प्यालेली बाई, कोणी म्हटलं म्हणून मान हलवणारी नव्हेच, सगळं तपासून ख्रिस्ती झाल्या. मग अमेरिकेत फिरून मदत उभी केली, 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं, बालविधवांना शिकवून पायावर उभं केलं. हिला देवाकडून काही मिळायचं राहिलंय असं कोण म्हणेल? पण त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि पापाचं ओझं काही केल्या उतरत नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षं असं चाललं! शेवटी 1891 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की आपण धर्मावर, त्याच्या शिकवणीवर विसंबलोय, ख्रिस्ताने आपल्या पापांसाठी जे केलं त्यावर आपण कधी भार टाकलाच नाही. तो टाकला आणि ओझं उतरलं. एवढी विदुषी आणि एवढी सेवा, पण तारण मिळालं ते तुझ्यामाझ्यासारखंच, फुकट. मला हे फार धीराचं वाटतं.

आणि नंतर त्यांचं सगळं सुरळीत झालं असंही नाही. 1893 ला पुण्यात धर्मांतरावरून गदारोळ झाला, पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ, तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी मुली-बाया आणून केडगावला ठेवल्या, तेच आपलं मुक्ती मिशन. आणि शेवटी 1921 ला मनोरमाच आईच्या आधी गेली. रोमकरांस पत्राचा 5 वा अध्याय काढ, सुरुवातीलाच पौल म्हणतो विश्वासाने नीतिमान ठरलो म्हणून येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाशी शांती आहे, आणि लगेच दोन वचनं सोडून संकटांचं बोलतो. म्हणजे संकटं येणार, कधी मन उदास होणार, पण म्हणून देवाशी झालेला समेट मोडत नाही. तू रोज सकाळी मूड बघून ठरवतेस देव खूश आहे का नाही, ते बंद कर.

लूकचा 18 वा अध्यायही वाच, देवळात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट. तो परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आठवड्यातून दोनदा उपास करणारा, दशमांश देणारा, आणि जकातदार, लोकांचे पैसे उकळणारा म्हणून बदनाम, लांबच उभा, वर बघायचीसुद्धा हिंमत नाही, छाती बडवत एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. संपली प्रार्थना. आणि येशू म्हणतो हाच नीतिमान ठरून घरी गेला, त्या क्षणी त्याने एक रुपयासुद्धा परत केलेला नव्हता.

तर आज रात्री ती जुनी गोष्ट गोलगोल न बोलता, जे केलं ते नाव घेऊन देवापुढे मांड. मग माफी मिळाली म्हणून आभार मान आणि झोप. उद्या परत आठवली तर परत आभारच मान, परत भीक मागू नकोस. आणि त्या मैत्रिणीला जे दुखावलंयस ते तिच्याशी बोलून नीट कर, पण त्या दुसऱ्या जकातदारासारखं, जक्कयासारखं कर. येशू आधी त्याच्या घरी उतरला, चौपट परत देण्याचं तो त्यानंतर बोलला. सगळं निस्तरते मग देवाकडे येते, असं नको. आणि एवढं करूनही झोप येतच नसेल, धडधड होत असेल तर डॉक्टरला दाखव, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

आता प्रभुभोजनाचं, चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं. गेले काही महिने तू मागेच बसून राहतेस, लायक नाही म्हणून. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11 वा अध्याय नीट वाच, तिथे पौल रागावलाय तो पोटभर खाऊन-पिऊन गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांवर, रडणाऱ्या पोरीवर नव्हे. स्वतःची परीक्षा करा आणि मग खा, असं म्हणतो तो, घरी जा नाही म्हणत. शनिवारी पाळकसाहेबांना फोन करून हे सगळं सांग, मी त्यांच्याशी काही बोललेले नाही, तूच बोल. आणि रविवारी भक्तीला माझ्या बाकावर ये, आपण दोघी पुढे जाऊ.

तुझी काकू