छोटी गाडी घेताना कोणत्या जादा फीचर्सना पैसे मोजावेत?

तुमचा प्रश्न असा: जळगाव जिल्हा, पहिलीच गाडी, बजेट आठ-साडेआठ लाख. मधलं मॉडेल घेऊन बाहेरून ॲक्सेसरीज टाकाव्यात की सरळ टॉप घ्यावं? सनरूफ, अलॉय, मोठी स्क्रीन, मागचे एसी व्हेंट यांतलं काय पैसे वसूल करतं? याला याद्या देणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'बायकोही शिकणार आहे चालवायला' असं तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. आमच्याकडे गाडी घेताना ही ओळ जाता जातासुद्धा कुणाच्या तोंडून निघाली नव्हती.

आम्ही अमळनेरचे. २०२१ च्या दसऱ्याला गाडी घेतली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शाळा पारोळ्याच्या बाजूला, रोजचं येऊन-जाऊन चव्वेचाळीस किलोमीटर. कर्ज तिच्या पगारावर. (माझे मोठे साडू हे वाचत असतील तर त्यांनी मागचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं.) जळगावच्या शोरूममध्ये गाडी ठरवायला बसलो मी, सासरे आणि साडू. साडू नाशिकला कंपनीत आहेत, त्यांची तोवर तिसरी गाडी झालेली, त्यामुळे गाडीचा विषय निघाला की सासरवाडीत शेवटचा शब्द त्यांचा. बायको सोबत होती. तिला एसीसमोरच्या सोफ्यावर बसवलं, कोल्ड्रिंक दिलं आणि सीट कव्हरच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. रंग तुम्ही निवडा वहिनी, असं सेल्सवाला म्हणाला. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन व्हेरियंटमध्ये, म्हणजे त्याच गाडीच्या खालच्या-वरच्या मॉडेलांत, बावन्न हजारांचा फरक होता. वरच्यात मागचा वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर, स्टिअरिंगवरची बटणं आणि ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची सोय. तक्त्यातली ती शेवटची ओळ मी वाचून दाखवली, तर साडू म्हणाले, "न्हावीनी खुर्ची शे का काय ती?" सासरे हसले. मीही हसलो. मी बिचकत म्हटलं, ही पुढे शिकली तर? त्यावर साडू: "तिले कोठे गाडी चालावनी शे?" आणि विषय संपला. मी पाच फूट नऊ इंच, साडू माझ्याहून उंच. ज्यांना सीट उंच करायची कधी गरजच पडली नाही अशा दोन माणसांनी तो निर्णय घेतला.

बरं, बावन्न हजार वाचवले म्हणावं तर तेही नाही. त्याच टेबलावर एक्केचाळीस हजारांच्या ॲक्सेसरीज झाल्या. नऊ इंची स्क्रीन, अलॉय, क्रोमच्या पट्ट्या, डोअर व्हायझर, रेक्झिनची सीट कव्हरं, आणि दार उघडलं की जमिनीवर कंपनीचं चिन्ह पाडणारे दिवे. अमळनेरच्या धुळीत ते चिन्ह कुणाला दिसतं ते मला अजून कळलेलं नाही. गाडी मंगळग्रह मंदिरात नेली, पूजा केली, पेढे वाटले.

२०२२ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर बायको ड्रायव्हिंग स्कूलला गेली. तिथल्या गाडीत मास्तरने पट्ट्यांनी घट्ट बांधलेली गादी होती, म्हणून शिकताना काहीच अडचण आली नाही. आमच्या गाडीत बसली आणि म्हणाली, "अहो, बॉनेट कुठंय?" तिची उंची चार फूट अकरा. तिला रस्ता दिसत होता तो स्टिअरिंग आणि डॅशबोर्डच्या मधल्या फटीतून. सीट पुढे ओढली तर छाती स्टिअरिंगला टेकायची वेळ, आणि एअरबॅगसाठी ते धोक्याचं. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग झटक्यात फुगते, जवळ बसलेल्याला तीच मारते. मग घरातली सोफ्याची उशी आली. उशी घेतली की रस्ता दिसायचा, पण गुडघे वर, टाच जमिनीवर टेकत नाही, पट्टा पोटावर सरकलेला. सहा महिने ती अशी शाळेत गेली-आली आणि मी रोज 'बघू काहीतरी' म्हणत राहिलो.

डिसेंबरात, कापसाच्या दिवसांत, संध्याकाळी परत येताना पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली. कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. जिनिंगकडे वळायला म्हणून तो मध्येच थांबला. हिने ब्रेक मारला, वेळेवर मारला, चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसनेही काम केलं. पण गुळगुळीत रेक्झिनवरची उशी पुढे सरकली, उशीबरोबर ही खाली घसरली आणि ब्रेकवरचा पाय निसटला. शेवटचे चार-पाच फूट गाडी तशीच गेली. बंपर, एक हेडलाइट आणि बॉनेटची कड. वेग अगदी कमी होता म्हणून एअरबॅगही उघडली नाही, कुणाला खरचटलंही नाही. ट्रॉलीवाला उतरून आला, कापूस पडला नाही ना ते आधी पाहिलं.

रात्री नाशिकहून फोन. "तरी मी म्हणत होतो." काय म्हणत होते? म्हणत होते की बायकांच्या हातात गाडी देऊ नये. सीटचं नाव नाही. मी तेव्हा गप्प बसलो, नातं आहे म्हणून. बायको मात्र मला जेवायला वाढता वाढता एवढंच बोलली: "सीट कव्हरचा रंग तेवढा मी निवडला होता हं."

बिल तेवीस हजारांच्या घरात गेलं. झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारा विमा, होतं म्हणून खिशातून फक्त हजार रुपये गेले. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे आपण भरायचे असतात, आणि छोट्या गाडीत समोर आपटलं की फुटतं ते प्लास्टिकच. म्हणून पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्याच. फक्त विमा शोरूमचाच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन आणा आणि टेबलावर ठेवा, तिथल्या तिथे आकडा खाली येतो. आम्हाला २० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) लागला होता, पुढच्या वर्षी २५ मिळाला असता, तो मात्र गेला.

मग मी जागा झालो. सर्व्हिस सेंटरला विचारलं, वरच्या व्हेरियंटची ती सोय बसवून मिळेल का? नाही. सीटचा खालचा सांगाडाच वेगळा असतो. धुळ्याला एकाने सीटच्या बोल्टखाली लोखंडी तुकडे घालून सीट उचलून देतो म्हणून सांगितलं. हे कुणीही करू नका. धडकेत अख्ख्या माणसाचा भार त्या बोल्टांवर येतो. शेवटी एका कुशनवाल्याने मूळ सीट उसवून आत दोन इंच कडक फोम भरला, वर कापडी कव्हर शिवलं, अठराशे रुपये घेतले. आता तिला बॉनेट दिसतं. रेक्झिन माळ्यावर आहे. मी चालवायला बसलो की डोकं छताला लागतं, ते मी मुकाट्याने सोसतो.

आता तुमचा प्रश्न. मी एकच बघतो: ही गोष्ट नंतर बसवता येते का? स्क्रीन, कॅमेरा, अलॉय, फॉग लॅम्प, कव्हरं, सगळं नंतर होतं, बहुतेक वेळा स्वस्तात होतं. सीटची उंची, जादा एअरबॅग्ज, गाडी घसरू लागली की सावरणारं ईएसपी, मुलांच्या सीटसाठीचं आयसोफिक्स हे नंतर होत नाही. पैसे तिथे घाला. पण आधी व्हेरियंटचे तक्ते नीट वाचा, कारण आता चित्र बदललंय. २०२४ ची नवी स्विफ्ट सगळ्यात खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅग्ज आणि ईएसपी देते, ह्युंदाईच्या एक्स्टरमध्येही सहा एअरबॅग्ज खालपासून आहेत. तिथे 'सेफ्टीसाठी टॉप घ्या साहेब' याला अर्थ नाही. आणि मागचे पार्किंग सेन्सर, पट्ट्याची टिकटिक, ८० च्या वर गेल्यावर वाजणारी घंटी हे जो फीचर म्हणून मोजून दाखवेल त्याला सांगा की भो, हे १ जुलै २०१९ पासून कायद्यानेच द्यावं लागतं.

सनरूफ? भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तुम्ही डोक्यावर काच विकत घेताय. पुढे.

मागचे एसी व्हेंट मिळत असतील तर आपल्याकडे घ्या, मागे म्हातारी माणसं बसणार असतील तर नक्कीच. त्याहून मोठा फायदा पांढऱ्या रंगाचा, आणि त्याला सहसा जादा पैसे लागत नाहीत. काळ्या फिल्मच्या भानगडीत पडू नका, २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोलीस त्यावर पावती फाडतात.

मागचा वायपर लोक हसण्यावारी नेतात. सेडानला नसला तरी चालतो, पण मागे सरळ कापलेल्या गाडीत हवा मागच्या काचेशी गोल फिरते आणि रस्त्यावरचं सगळं उचलून काचेला थापते. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने एकदा जाऊन या, काळ्या मातीने काच लिंपलेली असते. आमच्या गाडीत वायपर नाही. सोबत बाटली आणि फडकं असतं.

अलॉय नको. खड्ड्यात स्टीलची रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकलं तर नवीनच. माझं एक एरंडोलच्या अलीकडे गेलं, आता तीन अलॉय आणि एक स्टीलचं असं फिरतो. कंपनीने टॉपमध्ये दिलेलीच असतील तर असू द्या, पण त्यासाठी वर चढू नका. बाहेरून स्क्रीन बसवलीत तर वायर कापू देऊ नका, कपलर टू कपलर, म्हणजे कंपनीच्याच जोडणीत जोडणी घालून, बसवायला सांगा, नाहीतर पुढे इलेक्ट्रिकल काही बिघडलं की वॉरंटीच्या वेळी तेच दाखवून हात वर करतात.

हिशेबाची एक गोष्ट. व्हेरियंटमधला फरक एक्स-शोरूमचा सांगतात. त्यावर आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आणि थोडा विमा वाढतो, म्हणजे साठ हजारांचा फरक प्रत्यक्षात अडुसष्टच्या आसपास पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, तेव्हा सेल्सवाला म्हणेलच की वाचलेल्या पैशांत टॉप बसतं. बसत असेल. वाचलेले पैसे तुमचे आहेत, त्याचे नाहीत.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. घरात सगळेच पाच फूट सहाच्या वर असतील तर सीटवरचं माझं अर्धं पुराण तुमच्या कामाचं नाही. सीएनजी घेणार असाल तर डिकीत टाकी येते, अक्षय्यतृतीयेला लेकीबाळींचं सामान कुठे ठेवायचं ते आधी ठरवा. बायको नवीन शिकणार असेल आणि कन्नड घाटाने संभाजीनगरला जाणं-येणं असेल तर हिल होल्ड असलेलं मॉडेल बघा, चढावर ब्रेक सोडला की गाडी दोनेक सेकंद मागे येत नाही. बहुधा ईएसपीबरोबरच ते मिळतं. साइड एअरबॅग असलेल्या सीटवर साधं कव्हर चढवू नका, एअरबॅग सीटच्या बाजूतून फुटून बाहेर येते, कव्हर आडवं येतं. आणि साडूंच्या नाशिकच्या गाडीत सीट उंच करायची सोय आहे, त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, ती लावून मागच्याच महिन्यात वणीपर्यंत गाडी नेली. याबद्दल त्यांनी मला सांगितलेलं नाही, मेहुणीने सांगितलं.

शोरूमला जाताना बायकोला घेऊन जा आणि सोफ्यावर बसू देऊ नका. ज्या व्हेरियंटचे पैसे भरणार त्याच व्हेरियंटच्या ड्रायव्हर सीटवर बसवा. डेमोची गाडी बहुतेक वेळा टॉपची असते, तिच्यात सगळं छानच दिसतं. क्लच पूर्ण दाबून बघू द्या, बॉनेटची कड दिसते का विचारा, पट्टा खांद्यावर येतो की गळ्यावर ते बघा. दहा मिनिटं लागतात. कुणी न्हाव्याच्या खुर्चीचा विनोद केला तर हसू नका.

मड फ्लॅप मात्र पहिल्या दिवशीच लावून घ्या, काळ्या मातीत त्याशिवाय चालत नाही. एवढ्या एका गोष्टीवर माझं आणि साडूंचं एकमत आहे.