एरी कालव्याआधी स्थलांतरित कुटुंबं न्यू यॉर्कच्या पश्चिम भागात कशी जायची?

१८२५ मध्ये एरी कालवा (हडसन नदी आणि एरी सरोवर जोडणारा जलमार्ग) पूर्ण होण्याआधी न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली कुटुंबं प्रामुख्याने बैलांच्या किंवा घोड्यांच्या गाडीने, आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरणाऱ्या गाडीने पश्चिमेकडे जात. हिवाळा अनेक जण मुद्दाम निवडत: एरवी चिखलात चाकं रुतत, गोठलेल्या जमिनीवर मात्र जड ओझंही सहज ओढता येई आणि गोठलेल्या नद्या ओलांडता येत. लहान मुलांना घेऊन त्या थंडीत निघणं किती कठीण असेल!

दुसरी वाट पाण्याची. मोहॉक नदीवरचा कोहोजचा धबधबा आडवा येत असल्याने ऑल्बनीहून स्केनेक्टडीपर्यंत सामान रस्त्याने न्यायचं, तिथे सपाट तळाच्या होडीत भरायचं आणि मोहॉक नदीत लांब काठ्यांनी होडी रेटत प्रवाहाविरुद्ध जायचं. आजच्या रोम गावाजवळ होडी आणि सामान जमिनीवरून वुड क्रीक या ओढ्यापर्यंत वाहून न्यायचं. तिथून ओनायडा सरोवर, ओस्वेगो नदी आणि शेवटी ऑन्टारिओ सरोवर.

फक्त ‘कालव्याआधी’ म्हणजे एकही कालवा नव्हता असं समजू नका. मोहॉक नदीवरच्या लिटल फॉल्सला १७९५ मध्ये आणि रोमजवळ १७९७ मध्ये छोटे कालवे झाले होते, त्यामुळे तिथली सामान वाहून नेण्याची दगदग वाचली.