जुन्या संगणकावर विंडोज पुन्हा बसवावे का?

प्रश्न : माझ्या २०१३ सालच्या संगणकात ४ जीबी रॅम आहे. विंडोज १० फार संथ चालते. तेच पुन्हा बसवावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : संथपणाचे मूळ बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या जागी साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी, साटा जोडणीची वेगवान डिस्क) बसवल्याशिवाय केवळ विंडोज नव्याने टाकून फारसा फरक पडणार नाही. शिवाय विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपची सोय तुमच्या संगणकात बहुधा नाही. म्हणून लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. ती पेनड्राइव्हवरून, संगणकातले काहीही न पुसता, चालवून पाहता येते. तेव्हाच वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यावेत.

मात्र ती संगणकात बसवण्याआधी सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून, त्यांतल्या चार-दोन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण नुसती नावे दिसली म्हणजे फोटो शाबूत आहेत असे होत नाही. फक्त विंडोजवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर लागत असेल, तर विंडोज १० जरूर ठेवावे, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.