लेकीला अँटिबॉडीवर काम करायचंय, डिप्लोमा करू द्यावा का?

तासगाव तालुक्यातले एक पालक लिहितात: "मुलगी सांगलीत बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत पुण्याच्या एका लॅबमध्ये महिनाभर राहून आली. तेव्हापासून एकच धोशा: कॅन्सरशी संबंधित प्रोटीनवर फॉस्फेट बसलाय का, ते ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर काम करायचं. आमची द्राक्षबाग, मला यातलं काही कळत नाही. हे औषध आहे का? यात पोट भरतं का? एक खासगी संस्था दीड लाखात सहा महिन्यांचा डिप्लोमा देते, तो करू द्यावा का?"

दादा, डिप्लोम्याचे पैसे भरू नका. हे आधीच सांगतो, नाहीतर बाकीचं वाचेपर्यंत चेक फाडून मोकळे व्हाल.

मुलगी म्हणते ते औषध नव्हे, तपासण्याचं साधन आहे. अँटिबॉडी म्हणजे एखादी ठरावीक गोष्ट तेवढी ओळखून तिला चिकटणारं प्रोटीन. आपल्या पेशीत कॅन्सर रोखायला मदत करणारं पी-५३ नावाचं प्रोटीन असतं. डीएनएला इजा झाली की एटीएम हे एन्झाइम त्याच्या पंधराव्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडतं. तो फॉस्फेट बसलेलं पी-५३ तेवढं पकडायचं आणि बाकीचं सोडायचं, हे या अँटिबॉडीचं काम. लेकीच्या तोंडी 'मोनोक्लोनल' अँटिबॉडी असा शब्द आला, तर ती एकाच पेशीच्या वंशातून तयार केलेली. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये ही पद्धत दाखवली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ऐकायला भारी वाटतं. रोजचं काम मात्र चिकाटीचं. पेशी बर्फावर फोडायच्या, लगेच फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम) रोखणारी रसायनं घालायची, नाहीतर फॉस्फेट निघून जातो आणि दिवस वाया. मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीन पातळ पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने शोधायची चाचणी. त्या पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला एरवी दुधाची पावडर चालते, इथं बहुतेकजण बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) वापरतात, कारण दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतात. (गोठा असेल घरी, तर हे लेकीकडून समजून घ्या, तिलाही बरं वाटेल.) आणि पडद्यावर बँड, म्हणजे प्रोटीनची रेघ, दिसला म्हणून काम संपत नाही. त्याच नमुन्यातला फॉस्फेट एन्झाइमने काढून टाकायचा आणि बँड जातो का बघायचं. गेला नाही, तर अँटिबॉडी भलतंच काही पकडतेय.

म्हणून तिला एवढंच विचारा: महिनाभरात बँड आलाच नाही असं कधी झालं, आणि मग काय केलंस? त्यावर ती तासभर बोलली, तर खुशाल पाठवा. नुसतं 'कॅन्सरवर संशोधन' एवढंच म्हणत राहिली, तर थोडं थांबा.

पोटाचं म्हणाल, तर नुसत्या बी.एस्सी.वर या कामात फारसं काही हाती लागत नाही. एम.एस्सी. हवीच, आणि ती चांगल्या ठिकाणची. त्यासाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा द्यायच्या. पुढे नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे, घरभाडं वेगळं. मग पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक अशा ठिकाणी पीएच.डी.साठी प्रयत्न करता येतो. त्यात पाच-सहा वर्षं जातात. लग्नाचा विषय तोवर काढायचा की नाही, हे तिला विचारूनच ठरवा. पीएच.डी. नको असेल, तर पुण्यातल्या लस आणि जैविक औषधांच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला एम.एस्सी.वाले लागतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो.

ते दीड लाख एम.एस्सी.च्या होस्टेल-मेससाठी ठेवा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात आणि ऑक्टोबरात बंद होतात. छाटणीच्या गडबडीत तारीख हुकू देऊ नका.