शाळेतल्या विलगीकरणाचा खर्च आणि पाच वर्षांनी आलेली वसुलीची नोटीस

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावची माजी सरपंच. माझी मुदत ऑगस्ट २०२०मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्याआधीच्या पाच महिन्यांत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना आम्ही शाळेत ठेवलं, जेवण दिलं, वाडीवाडीत फवारणी केली, मास्क-सॅनिटायझर वाटले. आता लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवरून गटविकास अधिकाऱ्यांची नोटीस आली आहे. एकूण २,३४,६०० रुपये वसूलपात्र, त्यातले निम्मे माझ्याकडून आणि निम्मे ग्रामसेवकांकडून. आक्षेप असे : दरपत्रकं नाहीत, साठा नोंदवही कोरी, ग्रामसभेची मंजुरी नाही, जेवणाच्या आणि मजुरीच्या पावत्या नाहीत, मास्क महाग घेतले. खुलाशाला पंधरा दिवस दिलेत. ग्रामसेवक म्हणतात, साठा नोंदवही आता भरून टाकू, तुम्ही फक्त सह्या करा. घरचे म्हणतात, पैसे भरून मोकळी हो. मी एक रुपया खाल्लेला नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी ग्रामसेवकांचं. ती सही करू नका. नमुना १५ची साठा नोंदवही, म्हणजे वस्तू किती आल्या आणि किती वापरल्या ते लिहायची वही, तेव्हा कोरी राहिली, ही चूक आहे. आज बसून तिच्यात २०२०च्या तारखा घालणं म्हणजे खोटा दस्तऐवज करणं, आणि तो फौजदारी गुन्हा आहे. शिवाय लेखापरीक्षकांच्या टिपणात ती वही कोरी असल्याची नोंद झालेली आहे. म्हणजे पकडायला कुणाला लांब जावं लागणार नाही. अशा प्रकरणांत प्रामाणिक माणसं मूळ खर्चापायी अडकत नाहीत, नंतर तयार केलेल्या कागदापायी अडकतात. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून एवढं स्पष्ट सांगतो.

पैसेही लगेच भरू नका. तुमच्या हातात आहे ती खुलासा मागणारी नोटीस, वसुलीचा आदेश नव्हे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १७८ खाली सरपंच किंवा सदस्यावर वैयक्तिक जबाबदारी टाकायची, तर तो आदेश जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी लेखी काढावा लागतो, तोही तुम्हाला बाजू मांडायची संधी दिल्यावर. पंचायतीचं नुकसान झालं आणि ते तुमच्या गैरवर्तनामुळे किंवा घोर हलगर्जीमुळेच झालं, हे त्यात दिसावं लागतं. सद्भावनेने झालेली किंवा निव्वळ तांत्रिक चूक असेल, तर असा आदेश काढता येत नाही, हे त्याच कलमात आहे. तुमचा खुलासा या वाक्यावर उभा करा. ‘मी निर्दोष आहे’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा वस्तू आल्या, वापरल्या गेल्या, गावाचा पैसा गावासाठीच गेला, हे दाखवा.

आता दरपत्रकं. एप्रिल २०२०मध्ये तालुक्याच्या बाजारात तीन दुकानांतून दरपत्रकं गोळा करणं किती शक्य होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ‘लॉकडाऊन होता’ एवढ्यावर आक्षेप मिटत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो, आणि तो आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ५० तातडीच्या खरेदीसाठीच आहे. राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने तातडीच्या खरेदीचा अधिकार दिला असेल, तर निविदांची नेहमीची पद्धत त्या खरेदीपुरती माफ झाली असं धरलं जातं. आणि प्राधिकरणाने नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याने वस्तू वापरल्याचा दाखला दिला, तर तो दाखलाच हिशेबाला प्रमाणक, म्हणजे खर्चाचा पुरावा, म्हणून चालतो. लेखापरीक्षणाच्या भाषेत यापेक्षा मोठी सवलत नाही.

मात्र हे कलम आपोआप लागू होत नाही. अधिकार दिल्याचा कागद हवा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणून त्यांचे मार्च ते ऑगस्ट २०२०मधले आदेश, त्यावरून तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांनी गावाला धाडलेली पत्रं, अगदी व्हॉट्सॲपवर आलेले आदेशांचे फोटोसुद्धा शोधा. ज्या पत्रात ‘ग्रामपंचायतीने आपल्या स्तरावर विलगीकरणाची व्यवस्था करावी’ अशा अर्थाचं वाक्य असेल, ते पहिल्या पानाला जोडा. त्यात खरेदीचा स्पष्ट अधिकार असेल तर कलम ५०चा आधार घ्या. नुसती व्यवस्था करायला सांगितलं असेल तर कलम ५० ओढूनताणून लावू नका. तरीही ‘वरून आदेश होता आणि तो सद्भावनेने पाळला’ हा कलम १७८ खालचा मुद्दा शाबूत राहतो. त्याच आपत्ती कायद्याच्या कलम ५३ मध्ये मदतीच्या पैशाच्या अपहाराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून या कायद्याचं नाव घेताना प्रत्येक वाक्य खरं हवं.

ग्रामसभेच्या मंजुरीचा आक्षेप मला कमजोर वाटतो. त्या काळात ग्रामसभा घेण्यावर शासनाचीच बंदी होती. मासिक सभेचा ठराव झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत लावा, पुढे कार्योत्तर, म्हणजे खर्च झाल्यानंतरची, मंजुरी मिळाली असेल तर तीही.

जेवण आणि मजुरी, मिळून ९३,००० रुपये. इथे तुमची बाजू खरी लंगडी आहे आणि इथेच जास्त घाम गाळावा लागेल. पत्रात तुम्ही लिहिलंय की स्वयंपाक बचत गटाच्या बायकांनी केला आणि मुख्याध्यापकांच्या एका शंभर पानी वहीत रोज आत आलेल्या-बाहेर गेलेल्यांची नावं लिहिली जात. ताई, ती वही म्हणजे सोनं आहे. ती आज कुणाकडे आहे ते पाहा. रोज किती माणसं शाळेत होती हे तिच्यातून निघालं, की ५८,००० रुपयांचं जेवण माणशी किती पडलं याचा हिशेब मांडता येतो. आशाताईंची बाहेरून आलेल्यांची यादी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंद तिच्याशी ताडून पाहा. पंप पाठीला लावून फिरलेल्या चौघांची प्रतिज्ञापत्रं करा : किती दिवस काम केलं, किती पैसे मिळाले, कुणाच्या हातून. त्यांवर तारीख आजचीच असू दे. उशिरा दिलेलं खरं प्रतिज्ञापत्र चालतं. बँकेच्या उताऱ्यावर पैसे काढल्याच्या तारखा आणि त्यांनी सांगितलेल्या तारखा जुळल्या तर बराच भार हलका होईल.

मास्कबद्दल मात्र कटू सांगतो. बिल ४ एप्रिल २०२०चं आहे, तीन पदरी सर्जिकल मास्क, १,२०० नग, दर १८ रुपये. केंद्र सरकारने मार्च २०२०मध्ये मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घालून ३० जूनपर्यंत कमाल दर बांधून दिले होते. तीन पदरी मास्कचा कमाल दर तुमच्या बिलातल्या १८ रुपयांहून कमीच होता. जास्त दर लावला तो दुकानदाराने, पण पंचायतीच्या पैशातून फरक गेला हे खरं. बिलाच्या दिवशी लागू असलेला कमाल दर केंद्राच्या आदेशातून तपासा, १,२०० नगांवरचा फरक काढा, त्यातला निम्मा तुमच्याकडे येतो. एवढी रक्कम खुलाशातच मान्य करा आणि बाकीच्या आक्षेपांबाबतचे हक्क राखून भरायची तयारी दाखवा. एक चूक मोकळेपणी मान्य केली की उरलेल्या खुलाशाला वजन येतं.

दप्तर आता तुमच्या ताब्यात नाही. २०२०मध्ये मुदत संपलेल्या गावांत निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत. १५ जानेवारी २०२१च्या मतदानासाठी राज्यात एकदम १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली, तोवर कारभार प्रशासकांकडे होता. या हातातून त्या हातात जाताना कागद कुठे राहिले, हा प्रश्न तुमच्या एकटीच्या गावाचा नाही. म्हणून कार्यभार देताना केलेली दप्तराची यादी आधी काढा. त्या यादीत पावती फाइल होती आणि आज ती सापडत नसेल, तर ती गहाळ झाल्याची जबाबदारी तुमच्यावर टाकता येणार नाही. यादी, ठराव, प्रमाणकं (नमुना १२) आणि रोकडवहीच्या प्रती माहिती अधिकाराखाली मागा. त्याला तीस दिवस लागू शकतात आणि तुमच्याकडे पंधराच आहेत. तेव्हा अर्जाची पोच जोडून मुदतवाढ मागा, पण मुदतवाढीच्या भरवशावर गप्प बसू नका. हातात आहे तेवढ्यावर पहिला खुलासा मुदतीतच द्या आणि ‘कागद मिळताच पुरवणी खुलासा देईन’ असं त्यात लिहा. प्रत्यक्ष सुनावणीही त्यातच मागा.

ग्रामसेवकांचा खुलासा त्यांचा त्यांना देऊ द्या, एकत्र सही नको. हिशेबाच्या वह्या लिहिणं हे त्यांचं काम होतं, तुमची सही धनादेशांवर होती. हा फरक तुमच्या खुलाशात शांतपणे यायला हवा, त्यांच्यावर आगपाखड न करता.

यानंतरही आदेश तुमच्या विरोधात गेला आणि रक्कम भरली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. घराची धास्ती तुम्हाला वाटते ती इथे खरी ठरते. म्हणून आदेश हाती पडल्याचा दिवस पाकिटावर लिहून ठेवा आणि अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज करा. पुढची निवडणूक लढवायची असेल तर स्थगिती आणखी गरजेची, कारण थकलेल्या वसुलीचा मुद्दा विरोधक छाननीच्या टेबलावर काढतातच.

खुलासा पंचायत समितीत स्वतः जाऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि मुख्याध्यापकांची ती वही मिळाली तर मूळ कुणालाही देऊ नका. सुनावणीत दाखवा आणि प्रत जोडा.