सरकारी पैसा म्हणजे पक्षपात आणि खासगी पैसा म्हणजे स्वातंत्र्य, हे खरे आहे का?

दूरदर्शन सरकारच्या पैशावर चालते म्हणून त्याच्या बातम्या सरकारधार्जिण्या, खासगी वाहिन्या स्वतः कमावतात म्हणून त्या स्वतंत्र, मग आपल्याकडे बीबीसीसारखे काही का उभे राहिले नाही, असे तुम्ही विचारले आहे. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण एका खासगी मराठी वृत्तवाहिनीचा जिल्हा प्रतिनिधी म्हणून मी ते स्वातंत्र्य आतून पाहिले आहे.

दूरदर्शनविषयी फार वाद घालण्याची गरज नाही. आणीबाणीत त्याचा जो वापर झाला, त्यातूनच आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्त संस्थेची शिफारस केली. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या स्वायत्त संस्थेचा, म्हणजे प्रसार भारतीचा, कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडले. त्या कायद्यातही अमुक प्रसारण करा किंवा करू नका असे निर्देश काही कारणांसाठी देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवलाच, आणि पगाराचा बहुतेक भार आजही सरकारी अनुदानावर आहे. २०१४ च्या निवडणुकीत नरेंद्र मोदी यांच्या दूरदर्शनवरील मुलाखतीचे काही भाग कापले गेले, तेव्हा प्रसार भारतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनीच स्वायत्ततेच्या अभावाबद्दल संस्थेच्या मंडळाला पत्र लिहिले. सत्ता बदलल्यावर त्याच वर्षीच्या दसऱ्याला सरसंघचालकांचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले. म्हणजे सरकार कोणाचेही असो, वृत्तविभागाचा कल सत्तेकडेच राहतो. हे मी नाकारत नाही.

आता खासगी वाहिनीचे ऐका. ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, शेतकऱ्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज दिले पाहिजे, असा कायदा आहे. आमच्या जिल्ह्यातील एका कारखान्याने गाळप हंगाम संपून पावसाळा तोंडावर आला तरी पैसे दिले नव्हते. मी त्यावर बातमी केली. एका शेतकऱ्याने खताच्या पिशवीतून कागद काढून ओट्यावर मांडले होते: वजनकाट्याच्या पावत्या, विकास सोसायटीची थकबाकीची नोटीस, कृषी सेवा केंद्राची उधारीची वही. पावत्यांवरची शाई उडत चालली होती, म्हणून त्याने प्रत्येक पावतीच्या मागे वजन आणि तारीख पेनाने पुन्हा लिहून ठेवली होती. साखर विभागाच्या अधिकाऱ्यांनी थकबाकी असल्याचे कॅमेऱ्यासमोर मान्य केले. कारखान्याची बाजू घ्यायला मी प्रशासकीय इमारतीत गेलो, तेव्हा बोलण्यास नकार मिळाला आणि तो नकारही मी बातमीत नोंदवला. बातमीत तांत्रिक किंवा कायदेशीर खोट राहू नये, याची मी जेवढी काळजी घेतली होती, तेवढी त्याआधी क्वचितच घेतली असेल.

संपादकीय डेस्कने पॅकेज, म्हणजे माझी तयार चित्रबातमी, मंजूर केले, ते संध्याकाळच्या रनडाऊनमध्ये (बुलेटिनमधील बातम्यांच्या क्रमयादीत) लागले, आणि बुलेटिन सुरू होण्याच्या थोडे आधी काढले गेले. मला फोनवर एवढेच सांगण्यात आले की वरून निरोप आहे, तूर्त थांबू. त्यानंतर काही दिवसांनी वाहिनीचा एक पुरस्कार सोहळा जाहीर झाला. त्याचा प्रायोजक त्याच कारखान्याच्या अध्यक्षांचा उद्योगसमूह होता, आणि अध्यक्षांची अर्ध्या तासाची मुलाखत दाखवली गेली. तिच्यासाठी स्थानिक व्यवस्था मीच करायची होती. मुलाखतीत ऊसबिलाचा एकही प्रश्न नव्हता, आणि हा वेळ पैसे देऊन घेतलेला आहे अशी एक ओळसुद्धा पडद्यावर नव्हती. तो शेतकरी मला फोन करून विचारत राहिला, "साहेब, आमची बातमी कधी लागणार?" मुलाखत पाहिल्यावर त्याने विचारले, "तुम्हीपण त्यांचेच का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या वेळी आउटपुटला, म्हणजे बातम्या पडद्यावर आणणाऱ्या विभागात, असलेल्या एका सहकाऱ्याशी माझा जो वाद झाला, तो आम्हा दोघांत अजून संपलेला नाही. त्याचे म्हणणे असे की सरकारी वाहिनीत ही बातमी तू पाठवलीच नसतीस. इथे निदान पाठवता आली, आणि एका खासगी वाहिनीने दाबली तर दुसरी दाखवते. हे ऐकायला पटते, पण जिल्ह्यात प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण त्या अध्यक्षांची जाहिरात सर्वांनाच हवी असते. शिवाय खासगी वाहिनी सरकारच्या पैशापासून मुक्त असते हेही खरे नाही. केंद्रीय संचार ब्युरो आणि राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय यांच्या जाहिराती तिथेही येतात, आणि त्या थांबल्या तर पगार लांबतात. मालकीचेही तेच आहे. एनडीटीव्ही २०२२ च्या अखेरीस अदानी समूहाकडे गेली आणि तिथले नामवंत वृत्तनिवेदक रवीश कुमार यांनी राजीनामा दिला. प्रेक्षकाला मालक निवडता येत नाही आणि बदलताही येत नाही; सरकार निदान मतपेटीतून बदलता येते. खासगी मालकी म्हणजे स्वातंत्र्य, हे त्या सहकाऱ्याचे समीकरण म्हणूनच मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

बीबीसीबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे पैसा प्रामुख्याने घरटी परवाना शुल्कातून येतो, त्यामुळे दरवर्षी अर्थसंकल्पाकडे हात पसरावा लागत नाही. तरीही त्या शुल्काचा दर सरकारच ठरवते आणि २०२२ मध्ये तो दोन वर्षांसाठी गोठवला गेला होता. १९५६ च्या सुएझ संकटात, म्हणजे ब्रिटनने इजिप्तवर लष्करी कारवाई केली तेव्हा, ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांची नाराजी पत्करून बीबीसीने विरोधी पक्षनेते गेटस्केल यांना उत्तराची वेळ दिली. अशी परंपरा केवळ कायदा करून आणता येत नाही. संपादकाच्या नकाराला पाठबळ देणारे मंडळ लागते. आपल्याकडे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट लिहिले. त्या निकालाचा उपयोग खासगी वाहिन्यांना आकाश खुले होण्यासाठी झाला, पण त्या लहरींवर लोकांच्या वतीने देखरेख ठेवणारी, सरकार आणि मालक या दोघांपासून वेगळी अशी यंत्रणा काही उभी राहिली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. खासगी वाहिन्यांतील अनेक पत्रकारांनी सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणणाऱ्या बातम्या केल्या आहेत आणि दूरदर्शनवर त्या दिसल्या नसत्या. माझा अनुभव एका वाहिनीचा आहे, त्यावरून सर्वांना एकाच मापाने मोजू नये.

तरीही तुम्ही वाहिनी निवडणार असाल तर तिचा मालक सरकार आहे की उद्योगपती, एवढ्यावर थांबू नका. तुमच्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या जाहिरातदाराविरुद्धची बातमी तिच्यावर शेवटची कधी पाहिली, हे आठवून पाहा. पैसे घेऊन दाखवलेल्या कार्यक्रमावर तसे लिहिलेले असते का, तेही पाहा. नसेल तर वाहिनीकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत जपून ठेवा. माझ्या त्या सहकाऱ्याला मी एवढेच मागितले होते की बातमी का काढली, हे कोणीतरी सहीनिशी लिहून द्यावे. ते त्याने दिले नाही आणि त्याच्या वरच्यांनीही दिले नाही.